जाड, तिरपे आणि बाजारातले अक्षर

इंग्रजी छपाईतल्या जाड तिरप्या ‘फॅट फेस इटॅलिक’ टाइपाकडे पाहून जाणकारांनी बराच काळ नाके मुरडली. लंडनचे मुद्रक थॉमस हॅन्सर्ड यांनी १८२५च्या ‘टायपोग्राफिया’त या जाड्या अक्षरांची विद्रूप म्हणूनच संभावना केली. मला तो निवाडा मान्य नाही. हॅन्सर्डनी भिंतीवरचे अक्षर ग्रंथाच्या मापाने मोजले.

इटॅलिक जन्मले ते मात्र ग्रंथासाठीच. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने १५०१ साली व्हर्जिलची छोटेखानी आवृत्ती काढली, तिच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने लेखणीच्या वळणाचा हा टाइप कोरला. बारीक, दाटीने बसणारा, मजकुराचा. ठळकपणा आला तीनशे वर्षांनी आणि तोही बाजारातून. लंडनच्या रॉबर्ट थॉर्नकडे त्याचे श्रेय जाते. सोडतीच्या जाहिराती, नाटकांची पत्रके. भिंतीवर शेजारच्या कागदावर मात करायची, एवढेच त्या अक्षराचे काम. थॉर्न १८२० साली वारला आणि त्याची फाउंड्री विल्यम थोरोगुडने विकत घेतली. कशातून? सोडतीत लागलेल्या पैशांतून, असे सांगतात!

उभ्या फॅट फेसचे दांडे खांबासारखे, त्यांना जोडणाऱ्या रेघा केसासारख्या. अक्षर ठाम, पण ठोकळेबाज. तिरपे होताच त्यात जीव येतो. छोटा ‘ए’ दुमजली आकार सोडून एकाच पोटाचा होतो. ‘एफ’ ओळीखाली उतरतो आणि दोन्ही टोकांना टपोरे थेंब धरतो. सेरिफची, म्हणजे दांड्याच्या टोकाची, सपाट पायरी जाऊन लेखणी उचलल्यासारखी गिरकी येते. वजन पैलवानाचे, चाल नर्तकाची.

अर्थात हे अक्षर जपून वापरायचे. लहान आकारात केसरेघा गळतात, काळे डाग उरतात. परिच्छेदभर लावले तर वाचक दमतो. एखादे नाव, नाटकाच्या फलकावरचा एक शब्द, दोन नावांमधले ‘आणि’चे चिन्ह, तिथे ते खुलते. स्टीफन्सन ब्लेकने १९५३ साली थोरोगुड पुन्हा विक्रीस आणला. पुढे मॅथ्यू कार्टरने व्हिन्सेंट फिगिन्सच्या जाड अक्षरांवरून ‘एलिफंट’ रेखला. तिरस्कार झालेल्या अक्षराचे आयुष्य बरेच लांबले म्हणायचे.

मराठी मथळे पाहताना हे सारे आठवते. देवनागरीला इटॅलिकची परंपरा नाही, पण संगणकावर बटण आहे. ते दाबले की काना कलतो, शिरोरेषा आडवीच राहते, वेलांटी पुढच्या अक्षरावर रेलते. एकही अक्षर आपले रूप बदलत नाही. लंडनच्या त्या बाजारू कारागिरांनी निदान प्रत्येक अक्षर नव्याने कोरले होते. धावते वळण आपल्या घरात नाही असेही नाही: मोडी होती, आणि बोरूची तिरपी कापलेली जीभ जाड-बारीक रेघ आपसूक देत होती. त्या वळणातून मथळ्याचा जाड देवनागरी टाइप काढला, तर त्याचा ‘क’ आणि ‘ळ’ मला हातभर उंचीच्या पोस्टरवर पाहायचा आहे.