फोकसच्या बाहेरचा समुद्र

मागच्या दिवाळीत पुसदला घरी गेलो तेव्हा फोन टीव्हीला जोडून ‘चेसिंग कोरल’ लावली. माझी चौथी वेळ, घरच्यांची पहिली. आई फराळाचे डबे भरत अधूनमधून बघत होती. शेवटाकडे आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी येतं: रंगीत प्रवाळ, मग तीच जागा पांढरीफटक, मग शेवाळाने बरबटलेली. तिथे ती डबा हातात धरून उभीच राहिली. बाबांनी मात्र सगळं संपल्यावर एकच विचारलं, “हे ऑस्ट्रेलियाचं झालं. आपल्या समुद्राचं कसं हाय मंग?”

आमच्या घरापासून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब. मी स्वतः तो पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, अलिबागला, मित्रांबरोबर. त्यामुळे ‘आपला समुद्र’ हे शब्द बाबांच्या तोंडून ऐकून जरा गंमत वाटली. पण उत्तर देता आलं नाही. इतक्या वेळा पाहिलेल्या माहितीपटातून या प्रश्नाचं उत्तर का मिळत नाही, हे मग डोक्यात बसलं.

आधी त्याची बाजू सांगतो, कारण मला तो मनापासून आवडतो. जेफ ऑर्लोव्स्कीने २०१७ मध्ये केलेला हा माहितीपट नेटफ्लिक्सवर आहे. त्याआधी त्याने ‘चेसिंग आइस’ केला होता, त्यात हिमनद्या कशा आक्रसतात ते टाइमलॅप्समधून दाखवलं होतं. तो पाहून रिचर्ड व्हीव्हर्स नावाचा, जाहिरातक्षेत्र सोडून समुद्राकडे वळलेला माणूस त्याच्याकडे गेला. हेच प्रवाळांचं करता येईल का? समुद्राची अडचण ही जाहिरातीची अडचण आहे, कारण पाण्याखालचं कुणाला दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून पाण्याखाली आपोआप फोटो काढत राहणारे कॅमेरे बनवायचे ठरतं. ते सांभाळणारा झॅक रागो कोलोरॅडोचा, म्हणजे जिथून समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. घरात टाक्यांमध्ये प्रवाळ वाढवणारा हा पोरगा मला लगेच आपला वाटला. पुसदमध्ये असता तर लोकांनी त्याला येडाच म्हटलं असतं.

आणि मग कॅमेरे फसतात. महिनोन्‌महिने पाण्यात राहून त्यांनी काढलेलं चित्रण धूसर निघतं, फोकसच चुकलेला. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हा प्रसंग पाहून पोटात गोळा येईल. सगळं चालू होतं, लॉगमध्ये एरर नव्हता आणि हाती आलेला डेटा मात्र कचरा. शेवटी रागो आणि त्याचे साथीदार ग्रेट बॅरियर रीफवर जातात आणि रोज त्याच त्याच जागी बुडी मारून हाताने फोटो काढतात. यंत्राने टिपायचं होतं ते माणसाला स्वतः बघत बसावं लागतं. प्रवाळ मरताना बघून रागो खचतो, हे कॅमेऱ्यासमोर लपत नाही. माझ्या मते या माहितीपटातली सगळ्यात खरी वीस मिनिटं हीच.

त्यातलं विज्ञानही सोपं करून पण पातळ न करता सांगितलंय. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि बदल्यात निवारा मिळवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ या शैवालाला बाहेर टाकतो. मग त्याच्या पारदर्शक अंगातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो, तेच ते पांढरं पडणं. त्या क्षणी तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर वाचतो. २०१६ मध्ये ते निवलं नाही आणि ग्रेट बॅरियर रीफच्या उथळ पाण्यातले सुमारे २९ टक्के प्रवाळ त्या एका झटक्यात गेले.

पण इथेच माझं भांडण सुरू होतं. प्रवाळ हा कॅमेऱ्याच्या सोयीचा जीव आहे. तो जागचा हलत नाही, काचेसारख्या स्वच्छ पाण्यात राहतो आणि मरताना रंग बदलतो. ‘आधी-नंतर’ या भाषेला याहून चांगलं पात्र मिळणार नाही. माहितीपट ती भाषा इतकी प्रभावी वापरतो की समुद्राचं नुकसान म्हणजे असंच काहीतरी, पांढरं आणि स्पष्ट, अशी सवय बघणाऱ्याला लागते. मग जे असं दिसत नाही ते घडलेलंच नाही, असं वाटायला लागतं.

अरबी समुद्रात प्रवाळ नाहीत असं नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात आहेत, आणि तेही पांढरे पडल्याचं गेल्या दशकात अभ्यासकांनी नोंदवलंय. पण आपल्या किनाऱ्यावरचं पाणी बहुतेक गढूळ, हिरवट. ऑर्लोव्स्कीचा कॅमेरा तिथे फोकस नीट असूनही फारसं काही टिपू शकला नसता. आपल्या समुद्राची गोष्ट मुख्यतः दुसरीकडे घडतेय.

कुठे, ते पुण्याच्या आयआयटीएममधले हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात सापडतं. पश्चिम हिंदी महासागरातलं वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचं त्यांनी मांडलं. कारण समजायला अवघड नाही. वरचं पाणी तापलं की हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखं बसतं. खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत, वरच्या वनस्पतींना खायला मिळत नाही. आणि तारलीपासून सुरमईपर्यंत सगळ्यांच्या जेवणाची सुरुवात तिथूनच होते. याचा टाइमलॅप्स कसा करणार? पाणी आधीही पाणीच दिसत होतं, नंतरही पाणीच दिसतं.

उलटही होतं. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात ‘नॉक्टिल्युका’ नावाच्या सूक्ष्मजीवाचा हिरवा सडा पसरायला लागलाय. पूर्वी तिथे डायटम असायचे, माशांच्या पिल्लांच्या कामाचे. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात नॉक्टिल्युकाचं फावतं, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. याच जिवाची एक जात रात्री निळी चमकते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहूला लाटा चमकल्या तेव्हा सगळ्यांचे फोन तेवढ्याच व्हिडिओंनी भरले होते. मीही एक फॉरवर्ड केला, खाली दोन हृदयं टाकून. (तो अजून व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, मी डिलीट केलेला नाही.) प्रत्येक चमकणारी लाट तापमानवाढीमुळेच येते असं नाही. सांडपाणी, वाऱ्याची दिशा, बरंच काही त्यात असतं. माहितीपटात न्यू कॅलेडोनियातले प्रवाळ मरण्याआधी निऑनसारखे झगझगीत निळे-जांभळे होतात तो प्रसंग मला म्हणूनच सगळ्यात जास्त घाबरवतो. ते सौंदर्य आहे की आजार, हे सांगायला तिथे शेजारी एक शास्त्रज्ञ उभा असतो. आपल्या रीलमध्ये मागे फक्त गाणं असतं.

मासे तर आणखी अवघड, कारण ते निघून जातात. तारली एकेकाळी मलबार किनाऱ्याची मानली जायची, नंतरच्या दशकांत ती उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यालाही मोठ्या प्रमाणात मिळू लागली. दरम्यान केरळमध्ये २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली जाळ्यात आली होती, २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. महाराष्ट्रात २०१९ ची एकूण मासळी सुमारे दोन लाख टन होती, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत कमी. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात एकाच वेळी होती आणि होड्या ऐन हंगामात बंदरात बांधून पडल्या. या सगळ्याचा पुरावा मासळी केंद्रावरच्या वजनकाट्यात आहे, रोज मोजणाऱ्या माणसाच्या वहीत आहे. पडद्यावर तो आकडा म्हणून येईल आणि आकडा आला की आई परत डबे भरायला लागेल, हेही मला कळतं.

माझी दुसरी तक्रार खलनायकाबद्दल आहे. माहितीपटात तो एकच आहे, उष्णता. ऑस्ट्रेलियाच्या त्या प्रवाळांपुरतं ते बरोबरच असेल. पण आपल्याकडे तारली कमी झाली तर त्यात एल निनो आहे, तापलेलं पाणी आहे आणि बेसुमार मासेमारीही आहे. पर्ससीन जाळ्यांवरून, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून कोकणात छोटे मच्छीमार आणि मोठ्या बोटीवाले यांच्यात किती वर्षं संघर्ष चाललाय. राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, आणि त्याच पापलेटची पिल्लं जाळ्यात येऊन बाजारात विकली जातात ही तक्रार मच्छीमारच करतात. हवामानबदल म्हटला की ही सगळी माणसं एकाच वेळी निर्दोष ठरतात आणि मासेमारी म्हटली की धूर सोडणारे सुटतात. ‘चेसिंग कोरल’मध्ये समुद्रावर पोट असलेली माणसं धावती दिसतात. कथा आहे ती समुद्रावर प्रेम असलेल्यांची. हा फरक मला पहिल्या तीन वेळा दिसला नव्हता. बाबांना तो एका वेळेत जाणवला असावा. शेतीवर पोट असलेल्या माणसाला निसर्गावरच्या प्रेमाचं तेवढं कौतुक नसतं.

आणि बाबांच्या प्रश्नाचा अर्धा भाग तर समुद्राचा नव्हताच. २०१७ मध्ये कोल यांच्याच गटाने दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, म्हणजे आम्ही राहतो त्या पट्ट्यात, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ती जास्तीची वाफ येते तापलेल्या अरबी समुद्रावरून. २२ जुलै २०२३ ला आमच्या शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं, लोकांना काढायला हेलिकॉप्टर मागवावी लागली. तो एक पाऊस नेमका कशाने झाला हे मी छातीठोक सांगणार नाही. पण ज्या पाण्यात माशांचं अन्न कमी होतंय त्याच पाण्याची वाफ आमच्या सोयाबीनवर कोसळते, ही गोष्ट कुठल्याही माहितीपटाला पुरून उरेल अशी आहे. ती कुणी केलेली मला तरी दिसली नाही. मराठीत समुद्र अजून ‘अथांग’ आहे, साद घालणारा आहे, फार तर खवळलेला. तापलेला, दम लागलेला समुद्र आपल्या पानांवर क्वचितच येतो.

परत निघायच्या आदल्या दिवशी आईबरोबर बाजारात गेलो. भाजीच्या ओळीच्या टोकाला सुकी मासळी विकणारी मावशी बसते. पुसदला ताजी मासळी धरणाची, समुद्राची येते ती सुकूनच: सुकट, बोंबील. आईने एक बोंबील उचलून वाकवून पाहिला आणि म्हणाली, “एवढुसे?” मावशी म्हणाली, माल असाच येऊन राहिला बाई, मंदात पाऊस झाला की वाळवलेला सडते म्हणते व्यापारी. आईने नेहमीपेक्षा कमी घेतले. घरी येऊन मी बाबांना सांगितलं की तुमच्या प्रश्नाचं थोडंसं सापडलं, पिशवीत आहे. ते म्हणाले, “चटणी करतीन का त्याची?”