आजोबांची मुंज

मूळ सिनेमा गाजला, की काही वर्षांनी 'त्याच्या आधी काय घडलं' ते सांगणारा नवा सिनेमा काढायचा, ह्या उद्योगाला इंग्रजीत 'प्रीक्वेल' म्हणतात. नातवाचं लग्न थाटात लागलं म्हणून आजोबांची मुंज करायला घ्यावी, तसलाच हा प्रकार. माझी हरकत नाही. पण विज्ञानपटांत त्यामुळे एक अजब घोटाळा होतो. गोष्ट आधीची असते आणि यंत्रं नंतरची!

१९७९ सालचा 'एलियन' घ्या. गोष्ट २१२२ सालातली, पण त्या अवकाशातल्या मालवाहू जहाजावरचे कॉम्प्युटर म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारी खोकी. पुढे २०१२ साली त्याच रिडली स्कॉटने आधीची हकीकत म्हणून 'प्रोमिथिअस' काढला. त्यातलं साल २०९३. आणि इथे पाहावं तर हवेत तरंगणारे नकाशे, अंधाऱ्या भुयारांत आपले आपण उडत मोजमाप घेणारे गोळे, पोट फाडून पुन्हा शिवून देणारं स्वयंचलित यंत्र! मग पुढच्या एकोणतीस वर्षांत असं काय झालं बुवा, की माणसं हिरव्या अक्षरांवर आली? चाहते म्हणतात, हे जहाज श्रीमंताचं आणि ते हमालीचं. असेलही. साहेबांच्या केबिनला एसी आणि कारकुनांना करकरणारा पंखा, हे आपल्याला कुठे नवीन आहे?

यंत्रांचं एक वेळ सोडा. माझं खरं दुखणं वेगळं आहे. 'एलियन'मध्ये एका परक्या यानात कुणी एक अजस्र प्राणी खुर्चीतच मरून दगड झालेला दिसतो. चेहऱ्याला सोंडेसारखं काहीतरी, आणि बरगड्या आतून बाहेर फुटलेल्या. तो अवाढव्य दिसावा म्हणून स्कॉटने आपल्याच मुलांना अवकाशवीरांचे छोटे पोशाख चढवून त्याच्याजवळ उभं केलं होतं. युक्ती घरगुती, पण अंगावर काटा यायचा. हा कोण, कुठला, काही सांगितलं नव्हतं. 'प्रोमिथिअस'ने सांगितलं. ती सोंड म्हणजे म्हणे शिरस्त्राणाची नळी, आणि आत एक उंचापुरा, पांढराफटक, टकलू गृहस्थ. तेहतीस वर्षं ज्याला भ्यायलो तो हा!

'स्टार वॉर्स'चंही तेच. १९७७ साली त्यात 'फोर्स' नावाची विश्वव्यापी शक्ती होती. एका म्हाताऱ्याने ती दोनतीन वाक्यांत सांगितली आणि आपण मान डोलावली. १९९९च्या 'द फँटम मेनेस'मध्ये एका पोराचं रक्त काढून तपासलं, आणि त्यात अमुक जिवाणूंचा आकडा वीस हजारांवर निघाला म्हणून तो थोर ठरला. ब्रह्मज्ञानाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट! ज्यांना सगळं दाखवता येतं, त्यांना गप्प बसवत नाही.

अपवाद म्हणून २०१६चा 'रोग वन' मला आवडला. त्यांनी १९७७चीच बटणं, तेच ओबडधोबड पडदे हौसेने पुन्हा बनवले. शिवाय जुन्या सिनेमातलं ते ग्रह फोडणारं राक्षसी यंत्र दोन मीटरच्या एका भोकापायी उडतं, त्यावर लोक वर्षानुवर्षं हसत होते. इथे कळतं, की जबरदस्तीने कामाला जुंपलेल्या एका इंजिनीअरने त्यात मुद्दाम उणीव ठेवली होती आणि तसा निरोप मुलीसाठी धाडला होता. हेही स्पष्टीकरणच, पण त्याच्या पोटात एक बाप आहे.

फक्त एका जागी मी अवघडलो. पीटर कुशिंग हे नट १९९४ साली वारले, आणि २०१६च्या ह्या सिनेमात ते चक्क हुकूम सोडत उभे. गाय हेन्री नावाच्या नटाने काम करायचं आणि कॉम्प्युटरने त्याच्यावर कुशिंगसाहेबांचा चेहरा चढवायचा, अशी ती करामत. नाक, गाल, सुरकुत्या, सगळं जिथल्या तिथे. तरी माझी नजर त्या चेहऱ्यावर ठरेना. मी आपला गणवेशाकडे बघत राहिलो. तो खरा शिवलेला होता.