कळफलकात मावलेला संगणक

केंब्रिजच्या रास्पबेरी पाय कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये 'रास्पबेरी पाय ४००' हा संगणक बाजारात आणला. अख्खा संगणक कळफलकातच बसवलेला. पडदा आणि माउस तेवढे बाहेरून जोडायचे. १९८० च्या दशकात 'क्लास' प्रकल्पातून आपल्याकडच्या काही शाळांत आलेला बीबीसी मायक्रो ज्यांनी हाताळला असेल, त्यांना हे रूप ओळखीचे वाटेल. नातेही खरेच आहे. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ मध्ये पहिली 'आर्म' चिप घडवली. पाय ४०० मधली चिप त्याच कुळातली आहे.

कमी विजेवर चालणारा घरगुती संगणक कसा रचावा, याचा हा चांगला नमुना. मात्र त्याचे गुण नेमके कुठे आहेत ते पाहायला हवे. चिपमधील ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीला लागणारी शक्ती विभवांतराचा वर्ग गुणिले वारंवारिता या प्रमाणात बदलते. दोन्ही २० टक्क्यांनी कमी केली, तर शक्ती ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.५१२ पट, जवळजवळ निम्मी होते. काम संपायला सव्वापट वेळ लागतो, हे धरले तरी त्या कामाची ऊर्जा ६४ टक्केच भरते. अकरावीच्या वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. पाय ४०० मध्ये उष्णता पसरवण्यासाठी कळांखाली ॲल्युमिनियमचा रुंद पत्रा आहे, त्यामुळे पंखा नाही आणि आवाजही नाही. ही रचना मला फार आवडली.

सोबतच्या अडॅप्टरची क्षमता १५ वॅट आहे. ती क्षमता झाली, खप नव्हे. संगणक नुसता चालू असेल तर सुमारे ३ आणि भरपूर राबवला तर ६-७ वॅट घेतो. सरासरी ५ धरू. वर्षाला १२०० तास वापरला तर ६ युनिट झाली. जुन्या पेटीवजा संगणकाचे ६० वॅट धरले, तर ७२. पण साधा २० वॅटचा पडदा दोन्हींना सारखाच लागतो, त्याची २४ युनिट. म्हणजे ९६ ची ३० झाली. बचत मोठी आहे, पण उरलेल्या ३० पैकी २४ पडदाच खातो! आणखी वीज वाचवायची तर आता चिपपेक्षा पडद्याकडे पाहावे लागेल.

खरी उणीव वेगळीच आहे. सगळी माहिती एका छोट्या मेमरी कार्डावर असते. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, तर कार्डावरील मजकूर बिघडू शकतो. शिवाय वीज नसताना चालू राहणारे घड्याळ आत नाही. इंटरनेट असले तर वेळ आपोआप दुरुस्त होते. नसेल, तर पुन्हा सुरू झाल्यावर संगणक जुनीच वेळ धरून पुढे चालतो. मागच्या ४० टाचण्यांना तापमापक जोडून दर तासाची नोंद ठेवायचा प्रयोग विद्यार्थ्यांनी केला आणि दुपारी वीज गेली, की पुढच्या सगळ्या नोंदी चुकीच्या वेळेच्या. घड्याळाचा सुटा भाग थोड्या पैशांत मिळतो. तो आतच असायला हवा होता. ज्या देशात वीज सहसा जात नाही, तिथल्या टेबलावर हे यंत्र रचले गेले, असे वाटत राहते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या 'पाय ५' मध्ये घड्याळाची सोय झाली, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. त्याला २७ वॅटचा अडॅप्टर सुचवला आहे, आणि जड कामासाठी पंखाही. वेगाच्या हौसेपायी पंखा परत आला, हे मला खटकते. लेखन, वाचन आणि प्रोग्रॅमिंग एवढेच करायचे असेल, तर मी आजही पाय ४०० घेईन. पण शाळेसाठी घेताना इन्व्हर्टर आणि घड्याळाचा सुटा भाग यांची किंमत आधीच धरून.