लढण्याचा हक्क आणि लढून झाल्यावर

स्त्रीने लढावे की नाही, हा आपल्याकडे अजूनही वक्तृत्वस्पर्धेचा विषय आहे. माझ्या वर्गातील एन.सी.सी.च्या मुली तो सरळ विचारतात : सर, पायदळात आम्हांला का घेत नाहीत? उत्तर देण्यापूर्वी मी स्वेतलाना अलेक्सिएविच या बेलारूसी लेखिकेचे, दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत स्त्री-सैनिकांवरचे पुस्तक पुन्हा वाचले. ते 1985 साली प्रसिद्ध झाले. लेखिकेला 2015 साली नोबेल मिळाले.

त्या युद्धात सुमारे 8 लाख सोव्हिएत स्त्रिया सैन्यात होत्या. परिचारिका होत्याच, पण नेमबाज होत्या, वैमानिक होत्या, रणगाड्यांवरही होत्या. बाईला हे झेपेल काय, ही शंका तिथेच निकालात निघाली. पुस्तकाचे मोल मात्र पराक्रमाच्या यादीत नाही. त्यातला एक नवरा मुलाखतीच्या आदल्या रात्री बायकोकडून युद्धाचा अधिकृत इतिहास घोकून घेतो. बायकी बारीकसारीक सांगू नकोस, असे बजावतो. आपल्या आत्मकथनांना 'हे कसले साहित्य' म्हणून नाक मुरडणारा प्रस्थापित समीक्षक मला या नवऱ्यात दिसला. पुरुषी मापाचे बूट, परतल्यावर शेजारणींनी चारित्र्यावर घेतलेला संशय, लपवून ठेवलेली पदके, हे सारे इतिहासाने टाकून दिले होते. लेखिकेने ते उचलले.

तरीही माझा तिच्याशी मतभेद आहे. स्त्री जन्म देणारी, म्हणून मारणे तिला अधिक जड, असे ती पुन्हा पुन्हा सुचवते. ही माया मला धोक्याची वाटते. 'स्वभाव' सांगून माणसाची जागा ठरवून देणे आपल्याला नवे नाही. शिवाय या ओघात हुद्दा, पेन्शन, पुढची नोकरी हे प्रश्न मागे पडतात. जुलै 1945 मध्ये राष्ट्रप्रमुख कालिनिन यांनी सैन्यातून मोकळ्या झालेल्या स्त्रियांना, आपल्या सेवेचा गवगवा करू नका, असा उपदेश केला. गरज सरली होती!

ही चाल आपल्या ओळखीची आहे. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली महारांची पलटण उभी राहिली. 1921 साली मोडली. 1941 साली पुन्हा गरज लागली. बंदीच्या सबबींत एक अशी, की वरच्या जातींचे शिपाई यांच्याबरोबर नांदणार नाहीत. 2020 साली स्त्री-अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनच्या खटल्यात सरकारने सर्वोच्च न्यायालयाला काय सांगितले? खेड्यांतून आलेल्या जवानांची मने स्त्रीचा हुकूम मानायला तयार नाहीत. पूर्वग्रह त्याचा आणि शिक्षा हिला! न्यायालयाने ते फेटाळले. पायदळाचा प्रश्न मात्र त्या खटल्यात नव्हताच.

सक्तीच्या भरतीला माझा विरोध आहे, मग ती पुरुषाची का असेना. आपल्याकडे तसा कायदा नाही. वस्तीतल्या पोरांना पोटच भरतीला नेते, पोरींनाही नेईल. जी जाईल तिच्यासाठी कसोटी पुरुषाचीच ठेवा, पण पायदळाचे दार उघडा. आणि 2022 पासूनच्या अग्निवीर भरतीत चार वर्षांनी बहुतेकांना पेन्शनशिवाय घरी यावे लागणार आहे. मुलींना मी हे आधी सांगतो, पायदळाचे नंतर.