शालेय विद्यार्थी आणि हवामान बदलाविषयीची स्थानिक कृती : खाम नदीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
हवामान बदलाच्या चर्चेत शालेय विद्यार्थ्यांचा उल्लेख बहुधा ‘उद्याचे नागरिक’ असा केला जातो. या संबोधनात गौरव असला तरी त्यांचा आजचा अनुभव दुर्लक्षित राहतो. मराठवाड्याने २०१५-१६ मध्ये तीव्र दुष्काळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी अनुभवली. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराने तर नळाला अनेक दिवसांच्या अंतराने येणारे पाणी वर्षानुवर्षे सोसले आहे. या परिस्थितीत विद्यार्थ्यांना दिला जाणारा सहभाग कितपत खरा आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

धोरणात्मक पार्श्वभूमी :
एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेद्वारे शाळांमधून पर्यावरण मंडळे स्थापन झाली. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले, तर इयत्ता नववी व दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा श्रेणी विषय आला. म्हणजेच तरतुदींची उणीव नाही. प्रश्न आहे तो या तरतुदींमधील विद्यार्थ्याच्या स्थानाचा.

सहभागाचे निकष :
रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यांपैकी खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेपुरते उभे करणे आणि नाममात्र स्थान देणे यांना, ते सहभागच मानत नाहीत. या निकषावर प्रभातफेरी, घोषवाक्ये, सामूहिक शपथ व छायाचित्रापुरते वृक्षारोपण तपासल्यास ते खालच्या पायऱ्यांवरच रेंगाळताना दिसतात. रोपांची आणि शपथांची संख्या अहवालात सहज मांडता येते. रोप तीन उन्हाळे जगले काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

खाम नदीचा संदर्भ :
जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी खाम हर्सूल तलाव व पाणचक्कीच्या परिसरातून शहर ओलांडून गोदावरीस मिळते. २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व व व्हेरॉक यांच्या सहकार्याने तिच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. शाळांच्या दृष्टीने हे काम म्हणजे उघडी प्रयोगशाळाच होय. तथापि विद्यार्थ्यांना सांडपाण्याच्या प्रवाहात उतरवून कचरा वेचायला लावणे आरोग्यदृष्ट्या अनुचित आणि शैक्षणिकदृष्ट्या तोकडे आहे.

त्याऐवजी नोंद ठेवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवावा. सुरक्षित अंतरावरून नदीची पातळी, रंग व वास यांची नोंद ठराविक दिवशी घ्यावी. परिसरातील विहिरी व बोअर कधी आटतात, हे टिपावे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. ५०० चौरस मीटरच्या छतावर २० मिलिमीटर पाऊस पडल्यास १०,००० लिटर पाणी पडते, हा हिशेब सातवीचा विद्यार्थीही करू शकतो. ते पाणी कोठे जाते, हा त्यानंतरचा प्रश्न मात्र केवळ गणिताचा राहत नाही.

एका वर्षाच्या पुरावरून वा अवर्षणावरून हवामान बदल सिद्ध होत नाही. त्यासाठी दीर्घकालीन नोंदी लागतात. येथेच शाळेचे वेगळे महत्त्व जाणवते. अधिकारी बदलतात, अभियाने संपतात, विद्यार्थीही पुढे जातात. परंतु शाळा त्याच जागी राहते आणि एका तुकडीची वही पुढच्या तुकडीच्या हाती देता येते.

मर्यादा :
या कामात अडचणीही आहेत. श्रेणी विषय दहावीच्या गुणस्पर्धेत मागे पडण्याचा धोका असतो. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा भार आहे. शिवाय पाणीटंचाई व प्रदूषण यांची जबाबदारी प्रशासन आणि प्रौढ समाजाची आहे. ‘मुलांनी पाणी वाचवावे’ या उपदेशाआड ती लपता कामा नये.

समारोप :
बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमानुसार मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा अधिकार आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या नोंदी वर्षातून एकदा महानगरपालिकेच्या संबंधित प्रभाग कार्यालयापुढे मांडल्या जाव्यात आणि त्यांना लेखी उत्तर मिळावे, ही अपेक्षा अवास्तव ठरत नाही. त्यासाठी वेगळ्या योजनेपेक्षा प्रौढांची ऐकून घेण्याची तयारी अधिक आवश्यक आहे. ज्या सहभागाला उत्तर मिळत नाही, तो केवळ उपस्थितीच ठरतो.