पट्टा बांधलेला नायक

1955 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनहाइमला डिस्नेलँड सुरू झालं, तेव्हा तिथल्या ‘स्नो व्हाइट’च्या राइडमध्ये स्नो व्हाइटच नव्हती. हे विसरून झालेलं नव्हतं. गाडीत बसलेला माणूस म्हणजेच स्नो व्हाइट, चेटकीण त्याच्याच अंगावर येणार आणि घाबरायचंही त्यानेच, अशी योजना होती. ‘पीटर पॅन’च्या राइडमध्ये हीच युक्ती. पण लोकांना ती उमगली नाही. बाहेर पडल्यावर ते विचारत, हिरॉइन कुठे आहे? शेवटी 1983 मध्ये तो भाग नव्याने बांधताना स्नो व्हाइट आणि पीटर पॅन दोघांच्याही आकृत्या आत बसवल्या गेल्या.

त्यानंतर या धंद्यात अफाट पैसा आला. मोटारींच्या कारखान्यातले यांत्रिक हात आले, रुळांशिवाय धावणाऱ्या गाड्या आल्या. पण तिकीट काढून चित्रपटात शिरलेला माणूस आत गेल्यावर नक्की कोण असतो, हा स्नो व्हाइटने उभा केलेला पेच कायम आहे. अलीकडच्या थीम पार्कांच्या कामाकडे पाहायचं तर मला ही कसोटी सर्वांत उपयोगी वाटते. हुबेहूबपणाची कसोटी आता फारशी कामाची नाही, कारण खर्च केला की हुबेहूब कुणालाही करता येतं.

डिस्नेच्याच जुन्या कारागिरांनी एकदा हा पेच सहज सोडवला होता, तोही चित्रपटाची मदत न घेता. 1967 ची ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मुळात पायी फिरायचं मेणाच्या पुतळ्यांचं दालन व्हायची होती. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात डिस्नेची होड्यांची राइड चालली, आणि इथेही माणसांना होडीत बसवायचं ठरलं. होडी वाहत जाते, दोन्ही काठांवर चाचे गाव लुटत असतात, आपण बघत पुढे सरकतो. आपल्याला कुणी नायक म्हणत नाही आणि कसली कामगिरीही सोपवत नाही. पट्टा बांधलेल्या माणसाला जेवढं करता येतं तेवढंच ही राइड त्याच्याकडे मागते. 2003 पासून या राइडवरून चित्रपट निघाले, आणि 2006 मध्ये जॅक स्पॅरोचे पुतळे राइडमध्ये आणून बसवले. तेव्हापासून होडीतली माणसं गाव बघायचं सोडून जॅकला शोधत असतात. मूळ रचनेचं यात नुकसानच झालं.

हल्लीचं युग सुरू झालं ते 18 जून 2010 ला, ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरचं हॉग्समीड गाव उघडलं तेव्हा. चित्रपटांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग या कामात होते आणि ते जाणवतं. दुकानं मुद्दाम अरुंद, छपरांवर न वितळणारा बर्फ, आणि फ्लोरिडाच्या उन्हात त्या बर्फाखाली घामाघूम झालेली गर्दी. पण यश खरं मिळालं ते बटरबिअरच्या गाड्यांमुळे आणि छडीच्या दुकानामुळे. ऑलिव्हँडरच्या दुकानात मोजकी माणसं आत घेतात, त्यांतल्या एखाद्या मुलाला पुढे बोलावतात, आणि मग छडी त्याची ‘निवड’ करते. इथे येणाऱ्याला हॅरी व्हायचं नसतं. बाजाराला आलेला विद्यार्थी होणं त्याला पुरतं, आणि ते कुणालाही जमतं. रोलिंगच्या जगात शाळा आहे, खरेदी आहे, खाऊ आहे, आगगाडी आहे. थोडक्यात, कथानक थांबलं तरी त्या जगाचा दिनक्रम चालू राहतो. 2014 मध्ये शेजारच्या पार्कात डायॅगन ॲली आली आणि दोन पार्कांना जोडणारी हॉगवर्ट्स एक्सप्रेसही. तिच्यात बसायला दोन्ही पार्कांचं तिकीट लागतं. धंद्याचा हा डाव मात्र दाद देण्यासारखा!

गंमत म्हणजे या सगळ्यात कच्ची आहे ती हॉगवर्ट्सच्या किल्ल्यातली मुख्य राइडच. रांग अप्रतिम आहे. बोलणारी चित्रं, डंबलडोरचं दालन, ताटकळणं हाच तिथे प्रयोग होतो. त्यानंतर यांत्रिक हाताच्या टोकाला लावलेल्या बाकावर बसवून आपल्याला ड्रॅगन, कोळी, डिमेंटर आणि क्विडिच यांतून काही मिनिटांत फिरवून आणतात. हॅरी पुढे उडत ‘माझ्यामागे या’ म्हणत राहतो. या, म्हणजे कसं? बाक आपण थोडाच चालवतोय!

डिस्नेने याला उत्तर दिलं ते ‘स्टार वॉर्स’वर बेतलेल्या 2019 च्या ‘गॅलेक्सीज एज’ने. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या दोन्ही ठिकाणी प्रत्येकी 14 एकरांत बाटू नावाच्या ग्रहावरचं ठाणं उभारलं. तपशिलात हे पॉटरपेक्षाही सरस असेल. पण बाटू कुठल्याच चित्रपटात नव्हता. काळ नव्या चित्रत्रयीचा धरल्यामुळे डार्थ व्हेडर बाद, आणि चौकात जॉन विल्यम्स यांची ती ओळखीची धूनही वाजत नव्हती. कल्पना धाडसाची होती: लोकांनी इथे आपली गोष्ट घडवावी. पण ‘स्टार वॉर्स’ ही युद्धाची गोष्ट आहे. तिथला बाजार पडद्यावर दिसतो तो नायक त्यातून घाईने जातो तेवढ्यापुरता. अशा बाजारात उभं राहून करायचं काय? निळं दूध प्यायचं आणि (सुरुवातीच्या दराने) सुमारे दोनशे डॉलर मोजून प्रकाशतलवार जोडून घ्यायची. 2025 मध्ये डिस्नेने जाहीर केलं की ॲनहाइमच्या बाटूमध्ये पुढच्या वर्षापासून ल्यूक, लेया, हान आणि व्हेडर येतील. म्हणजे मूळ कल्पनेतून माघारच.

त्याच बाटूवर मात्र या कलेचा सर्वांत चांगला आणि सर्वांत फसलेला असे दोन्ही नमुने बघायला मिळतात. फसलेला ‘मिलेनियम फाल्कन’चा. एका वेळी सहा जण बसतात, दोन वैमानिक, दोन तोफची, दोन अभियंते. त्यातही एक वैमानिक यान फक्त डावी-उजवीकडे वळवतो, दुसरा वर-खाली. अभियंत्याच्या वाट्याला बाजूच्या भिंतीवरची लुकलुकणारी बटणं दाबणं येतं, त्यामुळे समोरचं आकाश पाहायलाही त्याला फुरसत मिळत नाही. प्रत्येकाला नायक करायला गेलं की कोणीतरी कारकून होतो.

दुसरी राइड ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’. इथे तुम्ही बंडखोरांच्या बाजूने निघता आणि वाटेतच पकडले जाता. दार उघडतं तेव्हा समोर भल्यामोठ्या हँगरमध्ये पन्नास स्टॉर्मट्रूपर रांगेत उभे असतात. अधिकारी दरडावतात, कोठडीत टाकतात, मग भिंत कापून कोणीतरी सोडवतं आणि एक यंत्रमानव तुम्हाला घेऊन पळतो. अठराएक मिनिटांच्या या प्रकारात तुम्ही स्वतः काहीही करत नाही, आणि एकदाही ते खटकत नाही. कैदी हतबलच असतो, पट्टा बांधलेला माणूसही. ‘पायरेट्स’नंतर इतका प्रामाणिक मेळ क्वचितच कुणी घातला असेल.

भूमिका खरोखर द्यायची तर जिवंत नट लागतात, आणि तिथे हिशेब कोलमडतो. मोठ्या राइडने तासाला दीड-दोन हजार माणसं पुढे काढावीत अशी पार्काची अपेक्षा असते. डिस्नेचं ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ हे शंभर खोल्यांचं नाट्य-हॉटेल मार्च 2022 मध्ये उघडलं. दोघांना दोन रात्रींचे सुमारे 4,800 डॉलर, आणि पाहुण्याला नावाने ओळखून कटात ओढणारे कलाकार. सप्टेंबर 2023 मध्ये ते बंद पडलं.

जपानात गिब्ली स्टुडिओने वेगळीच वाट धरली. आयची प्रांतातल्या गिब्ली पार्कात (2022) मोठ्या राइड नाहीतच. ‘टोटोरो’मधल्या सात्सुकी आणि मेईचं घर आहे, आणि तिथले खण, कपाटं उघडून बघायची मुभा आहे. भूमिका पाहुण्याची, आणि पाहुणा तर आपण असतोच.

आपल्याकडच्या चित्रपटांचं काय? खोपोलीच्या इमॅजिकात 2013 पासून ‘मिस्टर इंडिया’वर सिम्युलेटर राइड आहे. मोठा प्रयत्न झाला तो दुबईत. नोव्हेंबर 2016 मध्ये सुरू झालेल्या बॉलिवूड पार्क्समध्ये ‘क्रिश’, ‘रा.वन’, ‘लगान’, ‘दबंग’ असं सगळं होतं. 2023 मध्ये ते कायमचं बंद झालं. बंद पडण्यामागे उन्हाळा, तिकिटाचे दर, आजूबाजूची स्पर्धा अशी कारणं मोजता येतील. मला रचनेतला दोष महत्त्वाचा वाटतो, आणि तो ‘शोले’च्या राइडमध्ये स्पष्ट दिसायचा. त्रिमितीय चष्मा घालायचा, हातात बंदूक घ्यायची आणि पडद्यावरच्या डाकूंना टिपत जायचं. ‘शोले’ बंदुकांसाठी कोण बघतं? पाण्याची टाकी, मौसी, इंग्रजांच्या जमान्यातला जेलर, सूरमा भोपालीच्या थापा: या जगाला दिनक्रम आहे, आणि तिथली माणसं बोलकी आहेत. मुख्य म्हणजे या चित्रपटात राइड तयारच होती. जय आणि वीरू गावात येतात ते बसंतीच्या टांग्यातून. टांग्यात बसलेल्याने फक्त बसून राहायचं असतं, मध्ये बोलायची सोयच नसते, आणि गाव दोन्ही बाजूंनी सरकत जातं.