‘ध्वनीने’ आणि ‘पाण्यापासून’ : हायड्रोजनविषयक एका संशोधनाची मराठी मांडणी

मराठीतील शास्त्रीय लेखनाची चर्चा बहुतांशी नामांभोवती फिरत आली आहे. हायड्रोजनला ‘उज्ज’ म्हणावे, ‘उद्‌जन’ म्हणावे की ‘हायड्रोजन’च राहू द्यावे, या प्रश्नावर जितकी शाई खर्ची पडली तितकी त्या नामास लागणाऱ्या विभक्तिप्रत्ययावर पडलेली नाही. वस्तुतः शास्त्रीय विधानाचा अर्थ बिघडतो तो पुष्कळदा नामाच्या ठिकाणी नव्हे, तर प्रत्यय, शब्दयोगी अव्यय आणि क्रियापद यांच्या ठिकाणी. मेलबर्न येथील आर.एम.आय.टी. विद्यापीठातील एर्न्स्ट, शेरेल, रेझ्क आणि यो या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड एनर्जी मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले संशोधन मराठीत सांगू पाहिले असता ही गोष्ट स्पष्टपणे प्रत्ययास येते.

संशोधनाचा आशय थोडक्यात असा : पाण्यात दोन विद्युत्‌अग्रे बुडवून वीज सोडली म्हणजे ऋणाग्रापाशी हायड्रोजन व धनाग्रापाशी ऑक्सिजन मुक्त होतो, ही गोष्ट निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० मध्येच दाखवून दिली होती. उदासीन, म्हणजे आम्लही नव्हे व अल्कलीही नव्हे अशा, द्रावणात ही क्रिया फार मंद चालते. संशोधकांनी अशा द्रावणातील अग्रास सेकंदाला एक कोटी आवर्तनांची कंपने दिली. त्यामुळे हायड्रोजनच्या बाजूची क्रिया घडवून आणण्यास लागणारा जादा विद्युत्‌दाब १.४ व्होल्टने उतरला, विद्युत्‌प्रवाहाची घनता चौदापट झाली आणि निव्वळ ऊर्जेची बचत २७.३ टक्के भरली.

हे सारे एका वाक्यात सांगावयाचे झाल्यास मराठी लेखणीतून सहजगत्या उतरणारे वाक्य असे होईल : ‘ध्वनीने पाण्यापासून चौदापट हायड्रोजन तयार होतो.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे, सुटसुटीत आहे, आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक पद दिशाभूल करणारे आहे.

प्रथम ‘ध्वनीने’ हे पद घ्यावे. येथील तृतीया करणार्थी आहे. ‘कुऱ्हाडीने लाकूड तोडतो’ या वाक्यात कुऱ्हाडीचे जे स्थान, तेच स्थान या वाक्यात ध्वनीला मिळते. प्रयोगात मात्र पाण्याच्या रेणूचे विघटन करणारे साधन वीज आहे. ध्वनी हा सहकारी आहे : कुऱ्हाडीला धार लावणाऱ्या निसण्यासारखा, फार तर लाकडाची गाठ अगोदर सैल करणाऱ्या पाचरीसारखा. वीज हे पद वाक्यातून गळताच तिचे करणत्व सहकाऱ्याकडे जाते, आणि नुसत्या आवाजाने पाणी फुटते असा समज वाचकाच्या मनात घर करतो. कारकव्यवस्थेचा परिचय असलेल्या विद्यार्थ्यास हा दोष क्षणात दिसावा. परंतु कारकप्रकरण भाषेच्या वर्गात आणि विद्युत्‌अपघटन रसायनाच्या वर्गात अशी आपल्याकडील विभागणी असल्याने तो बहुधा कोणासच दिसत नाही.

‘ध्वनी’ या शब्दाची अडचण याहून जुनी आहे. मनुष्याचा कान सेकंदाला वीसपासून वीस हजारांपर्यंतची कंपने ऐकू शकतो. प्रयोगातील कंपने या वरच्या मर्यादेच्या पाचशेपट आहेत. न्यायमताप्रमाणे शब्द हा कर्णेंद्रियाने ग्रहण होणारा गुण होय. त्या व्याख्येनुसार ऐकू न येणारा ध्वनी ही कल्पनाच वदतोव्याघात ठरते. पदार्थविज्ञानाने इंद्रियाची अट काढून टाकली व माध्यमातील दाबाची लहर एवढाच अर्थ ठेवला. मराठीतील ‘श्राव्यातीत’ ही संज्ञा या दृष्टीने उत्तम साधलेली आहे, कारण ती अट कोठे ओलांडली गेली हे ती स्वतःच सांगते. ज्या नैयायिकांनी शब्दाला कानाशी बांधून ठेवले, त्यांनीच त्याच्या प्रसाराचे स्पष्टीकरण वीचितरंगन्यायाने, म्हणजे पाण्यावर एका लाटेतून दुसरी लाट उठते या दृष्टांताने, केले होते. पाण्याचा दृष्टांत देऊन ध्वनी समजावून घेणाऱ्या परंपरेला पाण्यातून जाणारी ध्वनिलहर समजावून सांगणे अवघड पडू नये. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असतो. त्यावरून या लहरीची लांबी एक मिलीमीटरच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढी येते. ध्वनिक्षेपकाचा येथे संबंध नाही. लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकाला विजेने थरथरविण्याचे हे तंत्र आहे.

याच ठिकाणी आणखी एक भेद सांगणे आवश्यक आहे. ध्वनी आणि रसायन यांचा संबंध म्हटला की द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन ते वेगाने मिटण्याची क्रिया अभ्यासकांस आठवते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत अनिरुद्ध पंडित यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले असून २०१८ पासून जालना येथे त्या संस्थेचा मराठवाडा परिसरही आहे. ती क्रिया बहुशः याहून पुष्कळच कमी आवर्तनांच्या ध्वनीने घडविली जाते. मेलबर्नच्या प्रयोगातील बुडबुडे निराळे : ते अग्रावर चिकटून वाट अडविणाऱ्या वायूचे आहेत, आणि कंपनांमुळे ते तेथे साचत नाहीत. दोन्हींना ‘ध्वनिरसायन’ हे एकच लेबल लावल्यास विद्यार्थी एकाचे स्पष्टीकरण दुसऱ्यास चिकटविल्याखेरीज राहणार नाही.

आता ‘पाण्यापासून’. ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय मराठीत उपादान दाखविते : दुधापासून दही, मातीपासून घडा, उसापासून गूळ. लातूरच्या ऊसपट्ट्यातील वाचकाला तिसरे उदाहरण अधिक जवळचे. उसापासून गूळ होतो असे आपण म्हणतो तेव्हा कढईखालच्या चुलवाणाचा उल्लेख करीत नाही, आणि तो न केल्याने बिघडतही नाही, कारण चुलवाणात जाळावयाचे चिपाड उसाचेच असते. पाण्याच्या बाबतीत असे चिपाड नाही. एक किलो हायड्रोजन मिळविण्यास किमान नऊ लिटर पाणी लागते, आणि ते पाणी फोडण्यास सिद्धांततः सुमारे ३९.४ युनिट एवढी तरी ऊर्जा बाहेरून पुरवावी लागते. तो हायड्रोजन जाळून याहून अधिक कधीही परत मिळत नाही. ‘पाण्यापासून इंधन’ या शब्दप्रयोगात हा सारा खर्च ‘पासून’च्या आड दडतो.

लातूरमध्ये या शब्दाचा दुसराही परिणाम संभवतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ज्या शहरात आली, तेथे ‘पाण्यापासून’ हे पद ऐकताच ‘कोणाच्या पाण्यापासून?’ असा प्रश्न उमटणे अगदी स्वाभाविक आहे. हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. तथापि हिशेब करून पाहावा. त्या एका गाडीतील पाणी सर्वच्या सर्व फोडले तर सुमारे ५५ हजार किलो हायड्रोजन मिळेल आणि त्यासाठी किमान २१ लाख युनिटांहून अधिक वीज लागेल. पाण्याचे शुद्धीकरण व यंत्राचे शीतन यांना लागणारे पाणी निराळे. म्हणजे पाण्याचा प्रश्न स्थळाचा आहे, विजेचा प्रश्न सर्वत्र आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचे आहे. त्याला नऊपटीच्या हिशेबाने किमान साडेचार कोटी टन पाणी लागते. हे पाणी कोणत्या खोऱ्यातून उचलावयाचे याची चर्चा करू शकेल असा मराठी वाचक तयार व्हावयाचा, तर त्याच्या हाती पडणारे वाक्य आधी नीट असले पाहिजे.

नामांचा वाद बाजूस ठेवूनही ‘उज्ज’ आणि ‘उद्‌जन’ यांविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. संधिनियम काटेकोरपणे लावला तर ‘उद्‌जन’चे ‘उज्जन’ व्हावे. रूपाच्या दृष्टीने ‘उज्ज’ अधिक नेटका. पण १७८७ च्या फ्रेंच परिभाषेतून आलेल्या मूळ नावाचा अर्थ ‘पाणी उत्पन्न करणारा’ असा आहे. ‘जलज’, ‘अंडज’ यांच्या धर्तीवर ‘उज्ज’चा अर्थ मात्र ‘पाण्यातून जन्मलेला’ असा होतो. जनक आणि जन्य यांची अदलाबदल झाली! हायड्रोजन जळतो तेव्हा ‘उद्‌जन’ खरा, पाणी फोडतो तेव्हा ‘उज्ज’ खरा. दोन्ही अर्थांपैकी एकही न लादणारा ‘हायड्रोजन’ आज रूढ झाला, हे बरेच झाले.

मूळ निबंधाच्या शीर्षकात पाण्याच्या संदर्भात ‘फ्रस्ट्रेशन’ हा शब्द आहे. पदार्थविज्ञानात १९७७ च्या सुमारास तुलूझ यांनी तो चुंबकीय पदार्थांच्या विवेचनात आणला. ज्या रचनेत सर्व बंध एकाच वेळी समाधानी राहू शकत नाहीत, तिची ती अवस्था. पाण्याचा रेणू चार शेजाऱ्यांशी चतुष्फलकाच्या आकारात हायड्रोजनबंधांनी जोडलेला असतो. अग्रालगतची ही व्यवस्था कंपनांमुळे मोडते, अधिक रेणू मोकळे होतात व अग्रापर्यंत पोहोचतात. शब्दकोश उघडून ‘वैफल्य’ लिहिणाऱ्या अनुवादकाच्या हातून पाणी एकदम नवकाव्याच्या नायकासारखे होऊन बसेल. त्या शब्दाने मराठी समीक्षेत पुरेशी चाकरी केलेली आहे. ‘विन्यासभंग’ हा पर्याय निर्दोष, परंतु त्याने काय घडते हे डोळ्यांपुढे उभे राहत नाही. ‘विस्कटणे’ हे घरातले क्रियापद येथे अधिक उपयोगी आहे. पाण्याची घडी विस्कटते, रेणू सुटे होतात. संज्ञा घडविण्याच्या नादात मराठीने आपल्या क्रियापदांचा साठा शास्त्रीय गद्याबाहेर ठेवला, ही हानी लहान नाही.

राहता राहिले ‘चौदापट’. ‘पट’ हा शब्द नेहमी कशाच्या तरी पायावर उभा असतो. फॅरेडेच्या नियमानुसार मुक्त होणारा हायड्रोजन वाहिलेल्या विद्युत्‌भाराच्या प्रमाणात असतो. प्रवाह चौदापट तर वायूही त्याच वेळात चौदापट, आणि खर्ची पडलेला विद्युत्‌भारही चौदापटच. वाढला तो वेग. काटकसर म्हणाल तर ती २७.३ टक्क्यांची, आणि तीही कमी दाबामुळे. वेगाचा आकडा काटकसरीच्या जागी बसविणे ही चूक गणिताची नव्हे, वाक्यरचनेची आहे. ‘लातूर पॅटर्न’मध्ये तयार झालेला विद्यार्थी फॅरेडेच्या नियमावरील उदाहरण मिनिटात सोडवील. चौदापट काय झाले हे त्याला मराठीत सांगावयास लावले, तर परीक्षा वेगळीच होईल.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून विज्ञान शिकविले. त्यासाठी हैदराबादेत भाषांतराचे स्वतंत्र खाते काढले. नांदेड, लातूरकडील मराठी विद्यार्थ्याला त्या काळी परिभाषा परक्या भाषेतून पाठ करावी लागे. १९४८ नंतर, आणि नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाल्यानंतर, माध्यम बदलत गेले. आज स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातील अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत ‘विद्युत अपघटन’ शिकतात व पुढे तीच गोष्ट इंग्रजीतून. दोहोंमधील पूल संज्ञांच्या जोडकोशाने बांधता येतो असे गृहीत धरले जाते. जोडकोशात ‘ने’ आणि ‘पासून’ यांच्या नोंदी नसतात.

वरील सदोष वाक्याच्या जागी असे वाक्य ठेवता येईल : ‘विजेने पाण्याचे अपघटन चालू असता अग्रालगतची रेणूंची घडी श्राव्यातीत कंपनांमुळे विस्कटते, त्यामुळे तेवढ्याच विद्युत्‌दाबाला हायड्रोजन चौदापट वेगाने सुटतो आणि कंपनांचा खर्च वजा जाता ऊर्जेत सुमारे २७ टक्के बचत होते.’ वाक्य लांब आहे, मथळ्यात मावणार नाही. ‘तेवढ्याच विद्युत्‌दाबाला’ हे पद संपादक बहुधा प्रथम कापील, आणि नेमके तेच पद कापता येण्यासारखे नाही.